पुण्याच्या मशीनमधला फुगा

उत्कर्षाला ऐकू येत नाही हे कन्हेरीत सगळ्यांना कळलं, त्याच्या आधीपासून तिचा आवाज सगळ्यांना माहीत होता. माझे सासरे तात्याबा उरलीसुरली मेंढरं घेऊन कॅनॉलच्या कडेनं निघाले की ही त्यांच्या धोतराचा सोगा धरून मागं. एखादं मेंढरू कुणाच्या उसात तोंड घालायला गेलं की दोघंही ओरडायची. मामंजी "हुर्रर्र" करायचे आणि ही नुसतंच "आऽऽ". आवाज काही गोड नव्हता, पत्र्यावरून पत्रा ओढल्यासारखा होता. पण मेंढरू मागं फिरायचं. दाराशी आली की तसंच ओरडायची, मग मी कडी काढायचे. चार वर्षांची झाली तरी एवढा एकच आवाज तिच्याजवळ होता आणि तो ती सगळ्याला वापरायची, भुकेला, आनंदाला, मेंढरांना आणि मला.

मी पहिल्यापासून बघत राहणारी. पोरगी वर्षाची असताना कुकरची शिट्टी झाली आणि ती दचकली नाही, हे मी बघितलं. दिवाळीत शेजारच्यांनी सुतळी बॉम्ब लावला आणि झोळीत ती झोपूनच राहिली, तेही मीच बघितलं. घरातले म्हणायचे, शांत लेकरू हाय, नशीब समज. मग पुण्याला तपासणी झाली, छातीवर पट्ट्यांनी बांधायची श्रवणयंत्राची डबी आली, आणि विचारत विचारत तिथली कर्णबधिर मुलांची शाळा सापडली. महिन्यातून एकदा बारामतीहून एसटीनं जायचं, बाई शिकवतील ते शिकून यायचं आणि महिनाभर घरी करून घ्यायचं, असं सुरू झालं.

त्या शाळेतल्या एका खोलीत ते मशीन होतं. कुठल्याशा परदेशी संस्थेनं दिलेला कॉम्प्युटर, मॅकिंटॉश. बारामतीत तसलं मशीन आमच्या माहितीत कुणाकडं नव्हतं. पडद्यावर एक डोंगर, वर एक ढग आणि खाली जमिनीवर लाल फुगा. समोर बसलेल्या मुलानं आवाज काढला की फुगा वर जायचा, थांबला की खाली यायचा. फार ओरडलं की ढगाला आपटून फुटायचा. आवाज हळू, सारखा आणि लांब ठेवला तरच फुगा डोंगर आणि ढग यांच्या मधून पलीकडं जाऊन उतरायचा. ऐकू न येणाऱ्या लेकराला स्वतःचा आवाज निदान दिसावा म्हणून कुणीतरी फार मायेनं केलेलं होतं ते.

उत्कर्षानं मेंढरांवर ओरडायची तसा आवाज काढला. फुगा सुटला आणि ढगाला लागून फुटला. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं, मग नागेशकडं. नागेश म्हणजे माझे मिस्टर. तोंडानं मी त्यांचं नाव घेत नाही, लिहिताना घेते. ती परत ओरडली, परत फुटला. त्या दिवशी तिला त्या खुर्चीवरून उठवायला बाईंना आणि मला दोघींना ओढावं लागलं.

बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, आवाज आहे हे निम्मं काम झालं, आता त्याला लगाम पाहिजे. आणि तो महिन्यातून एकदा येऊन लागणार नाही, रोज बसवायला हवं. जूनपर्यंत बघू. जूनमध्ये तिला हा फुगा स्वतःच्या आवाजानं डोंगरापलीकडं नेता आला तर खुशाल गावच्या शाळेत घाला, मी तिथल्या गुरुजींना चिठ्ठी देते. नाही आला तर इथं वसतिगृहात ठेवा. ही वर्षं गेली की परत येत नाहीत.

मी उत्कर्षाच्या छातीवरचा पट्टा उगाचच घट्ट केला. रात्री ती माझ्या गळ्यावर हात ठेवून झोपते. अंधारात तिला ऐकायलाही काही नसतं आणि बघायलाही, फक्त मी बोलले की माझा गळा हलतो तेवढं हाताला कळतं. म्हणून दिवा मालवल्यावर मी काहीबाही बोलत राहते, उद्या भाजी काय करायची तेसुद्धा. खाटांची रांग असलेल्या खोलीत ही कुणाच्या गळ्यावर हात ठेवणार, हे मी बाईंना विचारलं नाही.

नागेशनी मात्र विचारलं, हा प्रोग्रॅम आमच्याकडं चालवता येईल का. ते बारामतीत भिगवण रोडवरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. बाईंनी फ्लॉपीवर कॉपी करून दिली. म्हणाल्या, घरी रोज बसवणार असाल तर मधे हेलपाटे नकोत, एकदम जूनमध्येच या.

क्लासमधली मशीनं विंडोजची. फ्लॉपी घातली की मशीन विचारायचं, ही फॉरमॅट केलेली नाही, करू का? म्हणजे आत जे आहे ते पुसून टाकू का. नागेश घाईघाईनं नको म्हणायचे आणि फ्लॉपी काढून खिशात ठेवायचे.

मामंजींनी एकदा जेवताना विचारलं, एवढं काय अडतंय. नागेशनी सांगितलं की हा प्रोग्रॅम ज्या मशीनसाठी लिहिला ते वेगळं, आपलं वेगळं, एकाची गोष्ट दुसरं ओळखतच नाही. पण पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मित्रानं, रामहरीनं, एक सीडी दिली होती. तिच्यातला प्रोग्रॅम आधी चालवायचा. तो आपल्या मशीनच्या आत त्या दुसऱ्या मशीनचं सोंग उभं करतो, मग फुग्याला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत.

मामंजींचा घास हातातच राहिला. "म्हंजी मेलेल्या कोकराचं कातडं."

मेंढीचं कोकरू मेलं आणि कळपात एखादं पोरकं कोकरू असलं, की मेलेल्याचं कातडं काढून पोरक्याच्या पाठीवर बांधतात. मेंढी हुंगते, वास आपल्या लेकराचा येतो, मग ती पाजू देते. मामंजींनी हे किती वेळा केलं असेल कुणास ठाऊक.

"व्हय आबा, तसंच," नागेश हसून म्हणाले.

"मंग जमंल. पर मेंढी लई हुंगती बरं का. शेपटाकडनं हुंगती. तितं कातडं पुरलं पायजे."

पुढचे दिवस मी नागेशच्या चेहऱ्याकडं बघत काढले. एका संध्याकाळी स्कूटर लावता लावता म्हणाले, डोंगर आला. रंग नाहीत, नुसता काळा-पांढरा, पण आला. मग ढग आला, रंग आले, फुगा आला. सासूबाई रोज विचारायच्या, आज काय आलं रं, जणू घरी पाहुणे उतरत होते. मग काही दिवस काहीच आलं नाही. नागेश जेवताना बोलेनासे झाले. दोन-तीन वेळा उत्कर्षाला एकटीलाच क्लासवर घेऊन गेले, मी येऊ का म्हटलं तर म्हणाले, आधी नीट बसू दे. आणि एका रविवारी सकाळी म्हणाले, चला सगळे, दाखवतो.

क्लासच्या बाहेर चपला काढाव्या लागतात, मशीनला धूळ चालत नाही. मामंजींनी वहाणा काढल्या आणि पटकाही काढावा का म्हणून घोटाळले. सासूबाईंनी त्यांना कोपरानं आत ढकललं. आत पडदे ओढलेले, गार हवा, कोपऱ्यात यूपीएस मधूनच पिकपिक करत होता. उत्कर्षाला खुर्चीत दोन जाड पुस्तकांवर बसवलं. तोंडासमोर माईक. नागेश तिला खेटून शेजारी, कीबोर्ड मांडीवर घेऊन. मी दाराशी उभी राहिले. आई दिसली की मूल आईच्या चेहऱ्यात उत्तर शोधतं, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं.

नागेशनी बोट वर केलं. उत्कर्षानं तोंड उघडलं. फुगा जमिनीवरून सुटला, डोंगराच्या वर गेला, जरा खाली आला, परत वर, आणि ढगाला न लागता पलीकडं अलगद उतरला.

सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. मामंजी म्हणाले, "आवाज कुठाय? मला न्हाय ऐकू आला."

"तुमचं कान गेल्यात आता," सासूबाई म्हणाल्या.

मलाही ऐकू आला नव्हता. मी नागेशकडं बघितलं. ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "मशीनला बारीक आवाज कळतो. आपल्याला न्हाय कळत."

मी बारामतीच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले. माणसाच्या कानाला मर्यादा असते, तिच्यापलीकडंही आवाज असतात, हे मी परीक्षेत लिहून पास झालेली. शिकलेल्या माणसाला विश्वास ठेवायलाही कारण लागतं. मला ते मिळालं. माझ्या लेकीचा आवाज आता इतका मऊ झाला होता की तो फक्त मशीनलाच ऐकू येत होता. अजून थोडा वाढवायचा, मग आम्हालाही येईल.

रोज दुपारी दोन बॅचच्या मध्ये मी तिला सीटा भरल्या की सुटणाऱ्या वडापच्या जीपनं क्लासवर न्यायचे. नागेश कीबोर्ड मांडीवर घेऊन शेजारी बसायचे, मी दाराशीच थांबायचे, फुगा जायचा, ती टाळ्या वाजवायची. मी गावच्या शाळेचा निळा फ्रॉक शिवायला टाकला. सासूबाईंनी बिरोबाला चांदीची जीभ बोलली होती. मी म्हटलं जूनपर्यंत थांबा, तर म्हणाल्या, देव काय जून बघून देतो व्हय. चैत्रात त्यांनी नवस फेडला. देवापुढं ठेवलेली ती करंगळीच्या नखाएवढी जीभ उत्कर्षानं उचलून बघितली, तिचं काय करायचं ते न कळून परत ठेवली.

घरात हळूहळू फार शांत झालं. पूर्वी एसटीत ती ओरडली की पुढच्या बाकावरची माणसं मागं वळून बघायची, आणि मी तिचं डोकं मांडीत घ्यायचे. आता कुणी वळत नव्हतं. मला बरंच वाटायचं. मामंजी एकदा वहाणा झाडता झाडता म्हणाले, "पोरगी आता मेंढरामागं वरडत न्हाय. जबडा उघडून हुबी ऱ्हाती. मेंढरं जात्यात उसात."

मी म्हटलं, मामा, आता ती आवाजाला लगाम घालायला शिकतीय. ते म्हणाले, असंल. त्यांना करमत नव्हतं एवढंच मी त्यातून घेतलं.

मे महिन्यात चार दिवस माहेरी सणसरला गेले. दुपारची जेवणं झाली, दाराला कडी घालून आई आणि मी आत पडलो होतो. उत्कर्षा अंगणात लिंबाच्या सावलीत वाळूत खेळत होती. मला डोळा लागला. जाग आली ती आईच्या हाकेनं. आईनं, बनाबाईनं, परसातून फिरून येऊन बघितलं तर उत्कर्षा पुढच्या दाराबाहेर उभी. ऊन अंगणभर आलेलं, पायरी तापलेली, आणि ही एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून, दाराच्या कडीकडं बघत, तोंड उघडून उभी होती. तोंड मिटायची, परत उघडायची. आवाज नाही. कडी कधी निघते त्याची वाट बघत होती.

"कवाची हुबी हाय कुणास ठावं," आई म्हणाली. तिनं तिचे तळपाय ओल्या पदरानं पुसले. "मने, आदी हिच्या हाकंनं शेजारची दारं उघडायची. हिला काय झालंय?"

मी उत्कर्षाच्या तोंडाला कान लावला. श्वास येत होता.

कन्हेरीला परत आले आणि दुसऱ्याच दुपारी तिला घेऊन क्लासवर गेले. नागेश कुणाचा तरी प्रिंटर दुरुस्त करायला गेले होते. पुढची बॅच यायची होती, खोली रिकामी होती. मशीन कसं चालू करायचं ते बघून बघून मला पाठ झालं होतं. आधी रामहरीचा प्रोग्रॅम, त्याच्या आत ते दुसरं मशीन, त्याच्या आत डोंगर. मी पुस्तकं ठेवून तिला बसवलं, माईक तोंडाशी धरला आणि नागेश करतात तसं बोट वर केलं.

तिनं तोंड उघडलं. फुगा जमिनीवरच.

मी माईकची पिन काढून परत घातली. माईक अगदी ओठांशी नेला. तिनं परत तोंड उघडलं, या वेळी आणखी मोठं. फुगा हलला नाही. मला वाटलं मीच काहीतरी चुकतेय.

तिलाही तेच वाटलं. खेळ न येणाऱ्या नव्या पोरीकडं बघतात तसं तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझा उजवा हात धरला, त्याचा अंगठा वेगळा काढला आणि कीबोर्डच्या खालच्या लांब पट्टीवर नेऊन ठेवला. वरून आपला हात ठेवून दाबला. फुगा सुटला. तिनं तोंड उघडलं. जरा सोडला, परत दाबला. माझ्याच अंगठ्यानं तिनं फुगा डोंगरावरून नेला, ढगाखालून काढला आणि पलीकडं उतरवला. मग टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवाव्यात म्हणून माझे हात जवळ आणले.

मी तिच्या गळ्यावर हात ठेवला. तिला वाटलं परत करायचंय. तिनं शहाण्यासारखं तोंड उघडलं. हाताखाली काही हललं नाही. झोपलेल्या लेकराचा गळा असतो तसा तो गळा होता.

नागेश आले तेव्हा आम्ही तशाच बसलो होतो. दारात एक चप्पल काढली होती त्यांनी. पडद्यावरचा फुगा आणि कीबोर्डवरचा माझा हात बघितला आणि दुसरी चप्पल पायात तशीच राहिली.

"माईक चालतच नाही ना?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "सगळं आलं, कान आला न्हाय. त्या सोंगातनं आवाज आतच जात न्हाय. रामहरीला विचारलं, तो म्हणाला, ते त्यात केलेलंच न्हाय."

ती पट्टी शिक्षकांसाठी होती. मुलाला पहिल्यांदा दाखवायचं असलं, की फुगा कसा उडतो बघ, म्हणून आवाजाशिवाय फुगा उडवायची सोय. नागेश ते जमिनीकडं बघत सांगत होते, क्लासमध्ये धडा सांगतात तसं. मी म्हटलं, ते राहू द्या. तेव्हा ते बोलले.

"तिला पहिल्यांदा आणलं तवा मला वाटलं, बसवू तर खरं, एखाद्या वेळी लागंल. तिनं आवाज काढला. चांगला मोठा. फुगा हलला न्हाय. परत काढला. मग तिनं स्वतःच्या तोंडावर थापट्या मारून घेतल्या, मने. बंद पडलेल्या रेडिओला आपण मारतो ना, तशा. मशीन बिघडलंय असं तिला वाटलंच न्हाय. ती बिघडली असं वाटलं. मग मी दाबलं."

उत्कर्षा खुर्चीत गोल फिरत होती.

"आधी आवाज काढायची. मीच खुणावलं, हळू, हळू. ती हळू करत गेली. फुगा तर जातच होता. आवाज कधी गेला ते मलाच कळलं न्हाय. रोज ठरवायचो, आज सांगतो. बॅचेस संपल्यावर परत खटपट करायचो, म्हटलं उद्या कान आला की हे सगळं खरंच हुईल. त्या रविवारी तू दाराशी हुबी होतीस. तुझं तोंड बघितलं मी."

मी ओरडले असते. पण आमची दोघांची तोंडं हलताना बघून उत्कर्षाला वाटलं खेळ परत सुरू झाला. तिनं फिरणं थांबवलं, तोंड उघडलं आणि आधी फुग्याकडं नाही, नागेशच्या हाताकडं बघितलं.

जूनला थोडे दिवस होते. तेवढ्यात आम्ही तो आवाज शोधत राहिलो. मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून बोलायचे, मग तोच हात तिच्या गळ्यावर ठेवायचे. ती तोंड उघडायची आणि माझ्या अंगठ्याकडं बघायची. मामंजींना मी सगळं सांगितलं. ते मुलाला एका शब्दानं बोलले नाहीत. रोज पहाटे तिला मेंढरांमागं घेऊन जायचे आणि घसा बसेपर्यंत "हुर्रर्र" करायचे. एकदा एक कोकरू कॅनॉलच्या काठावरून घसरलं, तेव्हा तिच्या तोंडून तो जुना पत्र्यासारखा आवाज निघाला. मी भाकरी टाकून पळत गेले. मी पोचेपर्यंत कोकरू वर आलं होतं आणि तोंड नुसतंच उघडं होतं.

"हुता," मामंजी म्हणाले. "आत्ता हुता."

पुण्याला जायच्या दिवशी आम्ही एसटी सोडून भिगवणहून रेल्वेनं गेलो. तिला रेल्वे आवडते. गाडी यायच्या आधी फलाट पायाला कळतो. धरणातल्या माशांच्या पाट्या डब्याच्या दाराशी लावलेल्या होत्या, माणसं नाक धरत होती, आणि ती खिडकीच्या गजांवर दोन्ही तळहात टेकून, गज थरथरतात ते हातानं ऐकत, पुण्यापर्यंत गेली. नागेश समोर बसले होते. आम्ही दोघं बोललो ते फक्त तिच्याबद्दल, पाणी दे, डबी नीट कर, एवढंच.

शाळेतलं मशीन तिनं लगेच ओळखलं. माझा हात सोडून पुढं गेली आणि आपणहून खुर्चीवर चढली. पडद्यावर तोच डोंगर. बाईंनी बोट वर केलं.

उत्कर्षानं तोंड उघडलं. सावकाश, मोठं, अगदी नीट. फुगा जमिनीवर होता. त्या मशीनला कान होता आणि ते खरं तेच दाखवत होतं.

ती थांबली. मागं वळून तिनं नागेशना शोधलं. ते भिंतीशी हाताची घडी घालून उभे होते. ती खुर्चीवरून उतरली, त्यांच्याजवळ गेली, ती घडी सोडवली, आणि त्यांचा हात ओढत मशीनकडं नेऊ लागली. ते जागचे हलेनात. तिनं दोन्ही हातांनी ओढलं. मग त्यांचा अंगठा धरला आणि तो लांब पट्टीकडं ताणत राहिली, जणू थोडा आणखी ताणला तर तो तिथवर पोचेल.

बाईंनी विचारायच्या आधीच नागेशनी सांगितलं, वर्गात उभं केलेल्या मुलासारखं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "आवाज कुठं जात नाही. पण आता तो शोधावा लागेल, रोज. घरी नाही व्हायचं ते. ठेवा तिला."

मी सोबत दोनच फ्रॉक आणले होते. निळा घरीच राहिला होता.

वसतिगृहातल्या मावशींना मी सांगत सुटले. भात कोमट लागतो. डबीचा सेल रात्री काढायचा. झोपताना ती गळ्यावर हात ठेवते, तुम्ही थोडं बोलत राहा, काहीही बोला, तिला शब्द लागत नाहीत. मावशी हो म्हणाल्या. त्यांच्याकडं खूप मुली होत्या, तरी हो म्हणाल्या. उत्कर्षा दुसऱ्या एका मुलीच्या छातीवरची तसलीच डबी बघण्यात गुंतली होती. दोघी एकमेकींच्या डब्या बोटांनी वाजवत होत्या. तेवढ्यात निघा, मावशींनी खुणावलं.

आम्ही अंगण ओलांडून फाटकापर्यंत आलो आणि मी मागं बघितलं. बघायचं नाही असं ठरवलेलं होतं.

व्हरांड्याच्या जाळीच्या दाराला कडी लागली होती. ती दाराच्या आत उभी होती. आधी कडीकडं बघितलं, मग आमच्याकडं. आणि तिनं तोंड उघडलं. सणसरच्या पायरीवर उघडलं होतं तसं. मिटलं, परत उघडलं. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, आत कुठंतरी भांडी पडली, आणि त्या सगळ्यात तिच्याकडून काही आलं नाही.

मी नागेशकडं वळले. इतक्या दिवसांचं साठलेलं आता इथंच बोलणार होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते. खांद्यावर तिच्या कपड्यांची रिकामी झालेली पिशवी होती, आणि पिशवीच्या बंदावर त्यांचा अंगठा होता. तो त्यांनी दाबून धरला होता. जरा सोडत, परत दाबत, ढगाला लागू नये अशा बेतानं.

मी त्यांचा दंड धरला आणि चालायला लागले. वळण येऊन शाळा दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी अंगठा उचलला नाही.